सातमाशी बाळ

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर मी एरवी बेणे, लागण, खताचे हप्ते आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय निराळा आहे. मी डॉक्टर नाही, शेतकी पदविकेवर नोकरीस लागलेला माणूस आहे. तथापि दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात दिवस भरण्याआधी मूल जन्मले आणि त्यापायी मी व माझ्या धाकट्या भावाने ४१ दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले. तेथे डॉक्टरांना जे विचारले, सिस्टरांच्या हातून होताना जे पाहिले आणि मागाहून वाचून जे पडताळले ते येथे देत आहे. गेल्या हंगामात माझ्याच गटातील एका टोळीत तसाच प्रसंग आला, म्हणून हे लिहिणे आता पुढे ढकलू नये असे वाटले.

आधी हिशेब समजून घेऊ. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरतात. दोन्ही हिशेब जवळपास एकच. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मले ते अपुऱ्या दिवसांचे मूल, आणि अडीच किलोच्या आत भरले ते कमी वजनाचे मूल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण पुष्कळदा एकत्र येतात. जुनी माणसे म्हणतात की सातवा जगतो, आठवा जगत नाही. हे चूक आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्याचे मूल सातव्यापेक्षा केव्हाही भक्कम. पण या समजुतीने घात होतो, कारण आठमाशी मूल म्हटले की काही घरांत आधीच हात टेकले जातात.

आमच्याकडे झाले ते असे. आषाढ चालू होता, आडसाली लागणीची गडबड. भावजयीला तिसावा आठवडा लागला होता. आधी पायांना सूज आली, मग बांगड्या हातात रुतू लागल्या. आई म्हणाली, "दिवस गेलेल्या बाईचे पाय सुजायचेच." तेही खरे, पाय पुष्कळींचे सुजतात. पण पुढे सकाळी उठल्यावर तोंडही सुजलेले दिसू लागले आणि डोके धरले. त्या महिन्याची उपकेंद्रातील तपासणी सऱ्या सोडायच्या धांदलीत राहून गेली होती. ही चूक आमची, दुसऱ्या कोणाची नाही. एका संध्याकाळी ती भावाला म्हणाली, "डोळ्यांपुढं काजवे चमकल्यागत हुतंय." भावाने तशीच तिला गाडीत घातले. नर्सबाईंनी पट्टा बांधून पाहिले, रक्तदाब १७०/११०. लघवीत प्रथिने उतरत होती. त्यांनी चहासुद्धा घेऊ दिला नाही, थेट जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले.

गरोदरपणातला हा रक्तदाब वेगळा असतो. त्याचे मूळ वारेत असते. वार नीट रुजली नाही की बाळाला रक्त कमी पोचते, म्हणून ते वाढीला मागे पडते, आणि आईच्या शिरांवर, मूत्रपिंडांवर ताण येतो. पुढची पायरी म्हणजे झटके. औषधाने दाब आवरता येतो, पण आजार जातो तो बाळंतपणानंतरच. म्हणजे आईसाठी बाळ लवकर बाहेर यायला हवे आणि बाळासाठी ते आत राहायला हवे. डॉक्टरीणबाईंनी भावाला खुर्ची दिली आणि सरळ सांगितले, "मला दोन दिवस मिळाले तर दोघांचंही भलं होईल. तेवढे मिळतील असं वचन देत नाही."

दोनच दिवस का, हे मी नंतर विचारले. त्याचे उत्तर आपणा शेतकऱ्यांना आवडावे असे आहे. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. वेण कशामुळे सुरू होते हे त्यांना शोधायचे होते. औषध टोचल्यावर एक कोकरू इतक्या लवकर जन्मले की ते मरायलाच हवे होते, पण ते श्वास घेत होते. फुफ्फुसे तपासली तर ती वयाच्या मानाने पिकलेली होती. १९६९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९७२ मध्ये हॉवी या सहकाऱ्यासह बायकांवरील उपचाराचे निष्कर्ष मांडले. तेव्हापासून लवकर बाळंतपण होणार असे दिसले की आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. आपल्याकडे डेक्सामेथासोन वापरतात, बारा बारा तासांनी चार वेळा. औषध स्वस्त आहे. महाग आहे तो वेळ. बाई वेण सुरू झाल्यावर किंवा झटके आल्यावर पोचली तर ही इंजेक्शने लागू पडायला अवधीच उरत नाही.

भावजयीला आणखी एक औषध शिरेतून चालू होते, झटके येऊ नयेत म्हणून. बाटलीवरचे नाव वाचले तर मॅग्नेशियम सल्फेट! आपण ज्याची पोती उसाला टाकतो तेच. (दवाखान्यातले शुद्ध केलेले आणि मोजून दिलेले असते, कोणी भलते प्रयोग करू नयेत.) झटक्यांपासून आईचे रक्षण होते, आणि फार लवकर येणाऱ्या बाळाच्या मेंदूलाही त्याचा आधार मिळतो असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले.

चार इंजेक्शने पुरी झाली. चौथ्यानंतर थोड्याच वेळात दाब पुन्हा चढला आणि शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढले. मुलगी. वजन १ किलो १८० ग्रॅम. ढकलगाडीवरून तिला आतल्या विभागात नेताना आईने पाहिले, तर पोर प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत मानेपर्यंत घातलेले. आईने हंबरडाच फोडला. तिला वाटले सगळे संपले. सिस्टर थांबल्या नाहीत, जाता जाता म्हणाल्या, "आजी, गार पडू नये म्हणून घातलंय, जिवंत आहे." एवढ्या लहान बाळाच्या अंगावर चरबी नसते, कातडी कागदासारखी पातळ असते. ओले अंग वाळताना उष्णता भराभर निघून जाते आणि काही मिनिटांत मूल गारठते. गारठलेले मूल श्वास घेत नाही, दूध पचवत नाही, त्याच्या रक्तातली साखर उतरते. पिशवीने ओल जागच्या जागी राहते आणि ऊबही. आई पुढे कित्येक दिवस येईल त्याला ही पिशवीची गोष्ट सांगत होती.

पहिला प्रश्न श्वासाचा. फुफ्फुसात असंख्य बारीक फुगे असतात. ते प्रत्येक श्वासाबरोबर मिटून एकमेकांस चिकटू नयेत म्हणून आतून साबणासारखा एक लेप असतो. हा लेप पोटात शेवटच्या काही आठवड्यांत पुरेसा तयार होतो. ज्याच्याजवळ तो नाही त्या बाळाला प्रत्येक श्वास म्हणजे नवा फुगा पहिल्यांदा फुगवण्याइतके कष्ट. बरगड्या आत ओढल्या जातात, बाळ कण्हते आणि शेवटी थकते. या लेपाच्या अभावामुळेच हा आजार होतो हे मेरी एलन एव्हरी या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९५९ साली दाखवून दिले. पण कळले तरी उपाय हाती नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी, वजन सुमारे २ किलो १०० ग्रॅम. म्हणजे आमच्या छकुलीच्या जवळजवळ दुप्पट. तो दोन दिवसही जगला नाही, ३९ तासांत गेला. त्याच्यासाठी जगातले काय कमी होते? पण त्या वेळी ही विद्याच नव्हती. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गायीच्या फुफ्फुसातून काढलेला तो लेप बाळांच्या श्वासनलिकेत सोडून दाखवला. आज तो आपल्याकडेही मिळतो. आमच्या मुलीला पहिल्याच दिवशी तो दिला. पुढचे सहा दिवस नाकाशी दोन नळ्या, आणि नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत. बाटलीत सारखे बुडबुडे येतात. त्या पाण्याच्या दाबानेच फुगे उघडे राहतात. यंत्र म्हणाल तर इतके साधे की आपल्या फिल्टर हाऊसमधल्या फिटरनेही हसावे.

श्वासाचे कोडे सुटले तरी अशी मुले श्वास घ्यायला विसरतात. ही थट्टा नाही, मेंदूतली ती घडी अजून बसलेली नसते. यंत्र ओरडे, सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारी, पोर पुन्हा चालू. त्यासाठी कॅफीन नावाचे औषध रोज देतात. चहा-कॉफीतले तेच. भाऊ म्हणाला, "आम्हाला चहा नको म्हणत्यात आणि पोरीला कॉफी पाजत्यात."

आता दूध. आपल्या गोठ्यात वासराला चीक पाजायला आपण विसरत नाही, आणि घरच्या बाळाचा चीक मात्र पिवळा, जड म्हणून पिळून टाकणारी घरे अजून आहेत. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेनंतर सहा तासांच्या आत भावजयीला हाताने चीक काढायला लावले. निघाला किती, तर चमच्याचा तळ ओला होईल इतका. तेवढा सिरिंजमध्ये ओढून पोरीच्या गालांना आतून लावला, उरलेला नळीवाटे पोटात. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे एकमेकांत जुळायला साधारण ३४ आठवड्यांचे वय यावे लागते. तोवर नाकातून किंवा तोंडातून पोटात नळी, मग वाटी-चमचा किंवा पळी आणि शेवटी अंगावर. दर दोन तासांनी दूध. सुरुवातीला एका वेळी एक मिली. आईच्या दुधावर वाढलेल्या अशा मुलांची आतडी सडण्याचा आजार पुष्कळ कमी होतो, जंतुसंसर्ग कमी होतो. एखादीला दूधच येत नसेल तर दुसऱ्या मातेचे तपासलेले, उकळबिंदूच्या खाली तापवून निर्जंतुक केलेले दूध देता येते. अशी दूध-पेढी आशियात पहिल्यांदा सुरू झाली ती आपल्या मुंबईतच, शीवच्या रुग्णालयात १९८९ साली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने.

वजनाचे म्हणाल तर पहिल्या आठवड्यात ते उतरते. आमचे पोर १ किलो ६० ग्रॅमवर आले तेव्हा भाऊ जेवला नाही. आपण काट्यावर टनांचा हिशेब करणारी माणसे. तेथे रोज सकाळी ताजवा लागे आणि सिस्टर आकडा वहीत लिहीपर्यंत व्हरांड्यात कोणी बोलत नसे. अधिक दहा, उणे पाच, अधिक पंधरा. चौदाव्या दिवशी जन्माचे वजन परत आले. मध्ये बाराव्या दिवशी पोर एकाएकी निस्तेज पडले, पोट फुगले, दूध पचेना. रक्तात जंतू गेले होते. नळीचे दूध दोन दिवस बंद, शिरेतून प्रतिजैविके. त्या दोन रात्री कशा गेल्या हे मी लिहीत नाही. एवढेच सांगतो की त्यानंतर आमच्यापैकी कोणी हात धुण्यावरून सिस्टरांशी वाद घातला नाही. अंगठ्या, घड्याळ, लाल दोरे काढून कोपरापर्यंत साबणाने, प्रत्येक वेळी.

ऊब देण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती घरी आणि फडावरसुद्धा उपयोगाची आहे. १८८० च्या सुमारास पॅरिसच्या तार्निए या डॉक्टरांनी कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच मुलांसाठी करून घेतली. काचेची पेटी आली ती तेथून. पण पेट्या सर्वांना पुरत नाहीत. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात बोगोटा येथे एकेका पेटीत दोन-दोन मुले ठेवावी लागत आणि एकाचा रोग दुसऱ्याला होई. तेथील डॉ. रे सानाब्रिया यांनी १९७८ मध्ये मुले आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली, कांगारू पोटाच्या पिशवीत पिलू ठेवतो तशी. पुढे २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक किलो ते १ किलो ८०० ग्रॅम वजनाच्या मुलांना जन्मानंतर लगेच छातीशी घेतले तेव्हा शंभरांत सुमारे १२ दगावली. आधी पेटीत स्थिर होऊ देऊन मग छातीशी घेतले त्यांत सुमारे १६. त्यानंतर २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की अशा मुलांना जन्मल्यापासूनच, रोज ८ ते २४ तास छातीशी ठेवावे.

करायचे ते असे. बाळाला फक्त लंगोट, टोपरे आणि पायमोजे. आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरावे, पोट छातीला टेकलेले, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळे राहते. वरून मऊ धडप्याने किंवा लुगड्याच्या पट्ट्याने बांधावे, आणि त्यावर पांघरूण. आई दमली तर बाप, आजी, मावशी कोणीही. भावजय टाक्यांमुळे फार वेळ बसू शकत नव्हती, म्हणून सिस्टरांनी भावाला सदरा काढायला सांगितले. आईला ते पटेना. "बाप्यानं पोर छातीशी बांधून बसायचं? लोक काय म्हणतील?" भाऊ बसला. अर्ध्या तासात पोरीचे हातपाय गरम झाले आणि श्वास विसरायची खोडही त्या वेळात कमी दिसली. दुसऱ्या दिवसापासून आईनेच पदराखाली पोर घेतले आणि भावाला म्हणाली, "तू जा आता, तुझ्या छातीची हाडं टोचत असतील तिला."

कावीळ झाली, निळ्या दिव्याखाली तीन दिवस ठेवले, उतरली. त्यात विशेष काही नाही.

डोळ्यांचे मात्र विशेष आहे, आणि येथे आम्ही फसता फसता वाचलो. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटातल्या शेवटच्या महिन्यांत पुऱ्या होतात. मूल लवकर आले, त्यात त्याला ऑक्सिजन लागला, की त्या वाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा सुटू शकतो. बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो, कळते तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नेत्रतज्ज्ञाकडून जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासणी झालीच पाहिजे. फारच लहान असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. आमची पहिली तपासणी २८ व्या दिवशी झाली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा आणा असे ठरले. ४१ व्या दिवशी, वजन १ किलो ७६० ग्रॅम झाल्यावर, आम्हाला घरी सोडले. कागदावर पुढची तारीख होती, पण तीन इंग्रजी अक्षरांपुढे. ती अक्षरे म्हणजे डोळे, हे आम्हाला कोणी समजावून सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पोर घरी आल्याच्या आनंदात तो कागद देव्हाऱ्याच्या फळीवर गेला. पुढे आशाताई आल्या. वजन, ताप पाहून त्यांनी कागद मागितला, वाचला आणि विचारले, "डोळ्यांची तारीख कालची होती. गेला होता का?" त्याच दुपारी निघालो. दोष वाढला होता. दोन दिवसांत दोन्ही डोळ्यांना लेसर केले. आज पोरीला चष्मा आहे, पण अंगणात पडलेला ज्वारीचा दाणा उचलून तोंडात घालण्याइतके तिला दिसते.

आशाताई घरोघर येतात त्यामागेही आपल्या महाराष्ट्रातलेच काम आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना थर्मामीटर, काटा आणि घड्याळ देऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. तेथील नवजात बाळांचे मृत्यू, म्हणजे पहिल्या २८ दिवसांतले, ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून सरकारने ते देशभर घेतले. दवाखान्यात जन्मलेल्या मुलाकडे आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचे असते. लहान मुलांकडे पुढेही. आपल्या घरी त्या येतील तेव्हा त्यांना ओट्यावरून परत पाठवू नका.

घरी आल्यावर पथ्य थोडे पण कडक. भेटायला येणाऱ्यांना बाहेरूनच रामराम. आईचे दूध सोडून काही नाही. मध, घुटी, साखरपाणी, गायीचे दूध यांपैकी एक थेंबही नाही. आईने ओव्याची धुरी द्यायची म्हणून शेगडी काढली होती. अशा फुफ्फुसांना धूर हे विष आहे, शेगडी परत माळ्यावर गेली. दोन किलो होईतो अंघोळ नाही, कोमट ओल्या फडक्याने पुसणे. काजळ नाही. झोपवायचे उताणे. बारसे अडीच महिन्यांनी केले, चारच माणसांत. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर सांगतील तसे वर्षभर, कारण लोहाचा साठा मूल शेवटच्या महिन्यांतच आईकडून घेते आणि याला ते महिने मिळालेलेच नसतात. मूल दूध ओढेनासे झाले, तळपाय गार लागले, मिनिटाला साठाहून जास्त श्वास चालला, छाती आत जाऊ लागली, मलूल पडले, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा झटका आला, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि नेण्याआणण्याचे वाहन २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे.

मग सुरू होते शेजारपाजारची तुलना. "आमची नात चौथ्या महिन्यात पालथी पडली, तुमची अजून नाही?" भावजय यावरून रडायची. आता आपल्यापैकी कोणी मला येऊन म्हणाले की शेजाऱ्याचा ऊस दहा कांड्यांवर आणि माझा सहावर, तर मी पहिला प्रश्न काय विचारतो? लागण कधीची. आडसाली आणि सुरू एका महिन्यात शेजारी शेजारी उभे केले तर सुरू मागेच दिसणार, त्यात सुरूचा दोष नाही. तसेच येथे. पोरगी दहा आठवडे आधी आली, तर चार महिन्यांची असताना तिचे खरे वय दीड-पावणेदोन महिनेच धरायचे. मान धरणे, हसणे, पालथे पडणे, बसणे हे सगळे या दुरुस्त वयावर मोजावे, दोन वर्षांपर्यंत. फक्त लसी मात्र जन्मतारखेवरूनच. त्या हिशेबाने आमची छकुली वेळेवर बसली आणि थोडी उशिरा चालली. कान तपासून घेतले, ते ठीक आहेत.

आता टोळीची गोष्ट. गेल्या पौषात माझ्या गटातील एका सभासदाच्या फडाशेजारी मराठवाड्यातल्या टोळीच्या कोप्या होत्या. त्यातली एक बाई आठव्या महिन्यात होती. दिवसा मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवत होती. आम्ही सगळेच ते बघत होतो, मीसुद्धा, रोज मोटारसायकलवरून. रात्री दोनला कोपीतच ती बाळंत झाली. कडाक्याची थंडी. सभासदाच्या आई धावत गेल्या आणि त्यांनी मला फोन लावला. मी सांगितले ते एवढेच की पोर पुसून कोरडे करा, अंघोळ घालू नका, उघडे तसे आईच्या छातीवर ठेवा, डोक्याला फडके बांधा, दोघांवर घोंगडे घाला आणि १०८ बोलवा. गाडी येईतो पोर तसेच छातीशी होते आणि तशाच स्थितीत दवाखान्यात गेले. तेथे वजन भरले १ किलो ६२० ग्रॅम. सिस्टरांनी अंगाला हात लावून विचारले, "इतकं गरम कसं राहिलं?" अठरा दिवसांनी मायलेक कोपीत परत आले.

पण नंतरची घडी बसवताना त्रास झाला. त्या बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिलेले. येथल्या आशाताईंच्या यादीत तिचे नाव नाही आणि गावच्या आशाताईंना ती बाळंत झाल्याचे ठाऊक नाही. डोळ्यांची तपासणी २७ व्या दिवशी करून आणली ती सभासदाच्या जीपमधून, तोडणीच्या दिवशी, आणि त्या दिवसाची तिची व नवऱ्याची मजुरी बुडाली ती सभासदाने उचलीत न धरता दिली. सगळेच तसे करतील असे नाही, मला ठाऊक आहे.

सबब यंदा माझ्या गटापुरते असे ठरवले आहे. टोळी फडावर उतरली की स्लिपबॉय कोयत्यांची नोंद करतो, त्याच वहीत गरोदर बायांची नावे आणि कितवा महिना हे लिहील आणि आठ दिवसांत ती यादी उपकेंद्रात पोचवील. मुकादमांना निरोप गेला आहे की कार्डे बरोबर आणावीत. सातवा महिना लागलेल्या बाईला मोळी चढवायला लावू नये, बांधणीचे काम द्यावे, तेही दुपारपर्यंत. ज्यांच्या फडाशेजारी कोप्या पडतील त्या सभासदांनी आपला फोन नंबर टोळीतल्या एका तरी बाईजवळ द्यावा. मुकादमाजवळ दिलेला रात्री दोनला उपयोगी पडत नाही, असा अनुभव आहे.

ती टोळी या दसऱ्यानंतर पुन्हा आपल्याच गटात आली आहे. पोरगा बरोबर आहे. परवा फडाच्या कडेला बैलगाडीच्या सावलीत काट्याची झोळी टांगून आशाताईंनी त्याचे वजन केले, ६ किलो ९००.